बिलात काय लिहू

फिल्टर धुतले, नग चार.
गॅस पुरेसा. कंप्रेसर ठीक.
इथवर बिल सोपं होतं.

इंदूरात जेल रोडच्या मागे
साड्यांच्या दुकानाखालचं तळघर.
सतरा पायऱ्या उतरलं की
हवा अंगाला लागते ओल्या टॉवेलसारखी.
कालच्या संध्याकाळचा घाम
अजून घरी गेलेला नसतो.
त्यावर कुणी मोगऱ्याचा फवारा मारलेला,
त्याने वास जात नाही, फक्त नटतो.

मी पहाटे पाचला येतो, माणसं यायच्या आत.
शिडी लावतो, जाळी उतरवतो.
जाळीवर राखाडी लोकर:
मॅटचा भुगा, हाताला लावायची पांढरी पूड,
केस, मोज्यांचे धागे,
एकदा तर एक पापणी, खोटी.
बादलीत बुडवली की पाणी
तीनदा काळं होतं, चौथ्यांदा चहासारखं.
चौथ्यांदा मी थांबतो. पाणी टँकरचं आहे.

मालक लोकेंद्र विचारतो, गार तर आहे ना?
गार आहे.
पण गार आणि ताजं ही दोन भावंडं,
एक घरी आहे म्हणजे दुसरंही असेलच असं नाही.
माझं यंत्र तीच ती हवा घेतं,
थंड करून पुन्हा वाढतं,
शिळी पोळी तव्यावर फिरवून द्यावी तशी.

काटदरेबाईंनी एकदा पर्समधून
काडेपेटीएवढं मीटर काढलं.
कॉलेजच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं गेलेली,
आकड्याखेरीज कुणावर विश्वास नाही.
सहाला सातशे.
साडेसातला, झुंबा रंगल्यावर, दोन हजार तीनशे.
"चाळीस माणसांचा उच्छ्वास आहे हा," म्हणाल्या,
"एकमेकांचा श्वास उसना घेऊन
वजन उतरवतोय आपण."
आणि सातव्या मिनिटाला, रोजच्यासारखा,
पट्टा थांबवून पंप तोंडाला लावला.

त्या दिवशी मी भिंती ठोकत फिरलो.
सगळीकडे ठक्क.
मोठ्या आरशामागे मात्र ढब.
झरोका होता तिथे, रस्त्याच्या पायरीला लागून,
आरसा लावताना कुणी प्लाय ठोकून बुजवलेला.

लोकेंद्र म्हणाला, "भिया, लोग शीशे के पैसे देते हैं."
खोटं नव्हतं.
हवेत कुणाला आपला दंड दिसत नाही.

मग जानेवारी आला.
एसी बंद, दार बंद,
बाहेरच्या थंडीने भिंत गारठलेली
आणि आरशाला वाफ धरली.
पोरं दंड फुगवून उभी, समोर नुसतं धुकं.
एक जण बोटाने गोल पुसून
त्यात आपला खांदा शोधत होता.
दुपारी फोन आला: शिडी घेऊन ये.

आरसा हातभर बाजूला सरकवला,
प्लाय उचकटला, आत ओढणारा पंखा बसवला,
त्याच्यापुढे जाळी.
बटण दाबलं दुसऱ्या दिवशी सकाळी
आणि पहिल्यांदा आत आले
समोरच्या टपरीवरचे पोहे.
वाफ, जिरावण, मागोमाग जिलबीचा पाक.
तिघांनी तक्रार केली, आम्ही डाएटवर आहोत.
एक जण अर्ध्यातून उठून वर गेला, परत आलाच नाही.

साडेसातला मीटर: नऊशे वीस.
मी शिडीवर, तोंडात दोन स्क्रू.
खाली काटदरेबाई चालत होत्या.
सातवं मिनिट आलं.
हात पर्सकडे गेला, नुसता तपासून परतला.
आठवं.
नवव्याला त्या वर बघून म्हणाल्या,
"वारा थेट मानेवर येतोय हो. जरा वळवा."

वळवला.

पंखा एक. जाळी एक. स्क्रू बारा. मजुरी.
लोकेंद्र गल्ल्यावर वाट बघतोय, और कुछ?
पेन तसंच धरून उभा राहिलो थोडा वेळ.
मग रेघ मारली, रेघेखाली लिहिलं:
जाळी दर महिन्याला धुणे. विसरू नये.